एक डॉलर, दहा वर्षे

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया आणि आमगाव मागे टाकून पुढे निघाली, की धानाची सपाट शेते हळूहळू सरतात आणि टेकड्या व रान दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागते. याच टप्प्यात सालेकसा हे स्थानक लागते. त्यापुढे दरेकसा, मग महाराष्ट्राची हद्द संपते आणि डोंगरगड येते. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हे नाव वाचले असेल ते गाडीच्या खिडकीतूनच. माघ पौर्णिमेला जवळच्या कचारगडच्या गुहांपाशी गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते आणि पावसाळ्यात हाजरा फॉलचे पाणी पाहायला लोक येतात. एरवी या बाजूला मुद्दाम वाट वाकडी करून येणारे थोडेच.

हा लोहमार्ग एका दुष्काळाची आठवण आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या महादुष्काळानंतर नागपूरपासून राजनांदगावपर्यंत अरुंद मापाचा रस्ता घालण्यात आला व तो १८८२ मध्ये पुरा झाला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो रुंद केला. छत्तीसगडचे धान्य बाहेर यावे आणि गरज पडल्यास बाहेरचे धान्य आत जावे, हा त्यामागील एक हेतू होता. रुळांवरून धान्य आले, माणसे आली. अलीकडच्या काळात याच रुळांवरून आणि रस्त्यांवरून आणखी एक गोष्ट अशा तालुक्यांत येऊ लागली आहे. ती म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे सेवाशिबिर. दत्तक घेतलेल्या गावी सात दिवसांचा मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. आठव्या दिवशी सामानसुमान आवरून परत. या शिबिरांत मुलींची संख्या बरीच असते आणि कामाचा उरकही त्यांचाच अधिक, असे आमचे निरीक्षण आहे.

शिकणाऱ्या मुलींनी एकत्र यावे, पैसा जमवावा आणि आपण कधी पाहिलेही नाही अशा माणसांसाठी तो खर्च करावा, ही कल्पना आपल्याकडे कोठून आली, तिने आजवर काय काय केले आणि सालेकशासारख्या गावाला तिच्यापासून काय मिळू शकते, याचा थोडा ऐतिहासिक मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

आपल्या वाचकांना या कल्पनेचा एक जुना धागा परिचित आहे. रोममधील येशूसंघीय महाविद्यालयात १५६३ साली जाँ लेउनिस या तरुण शिक्षकाने विद्यार्थ्यांची जी मंडळी जमवली, तीच आपल्या धर्मग्रामांतील सोडॅलिटीची जननी. प्रार्थना आणि सेवा यांची सांगड तिने घातली. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, १८३३ च्या एप्रिलमध्ये, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे सोबती यांनी जी सभा स्थापिली ती आपण सेंट व्हिन्सेंट दि पॉल संस्था म्हणून ओळखतो. गरिबांकडे जावे कसे, बोलावे कसे, हे या तरुणांना शिकवले ते सिस्टर रोझाली रांद्यू या धर्मभगिनीने. पॅरिसच्या दरिद्री वस्तीतील एकेक घर तिला ठाऊक होते. त्या तरुणांनी ठेवलेला रिवाज साधाच होता. ठरलेल्या कुटुंबाकडे जायचे आणि पुन्हा पुन्हा जायचे. ओझानाम यांना १९९७ साली आणि सिस्टर रोझाली यांना २००३ साली धन्यवादित घोषित करण्यात आले, हे येथे सहज नमूद करतो.

दुसरा धागा अमेरिकेतला. तेथील महाविद्यालयांचे दरवाजे स्त्रियांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किलकिले झाले. मुलांच्या वर्गात चारदोन मुली, अशी स्थिती. मुलांची आपापली बंधुमंडळे होती, त्यांत मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हा मुलींनी स्वतःची मंडळे काढली. इलिनॉय प्रांतातील मॉनमथ कॉलेजात १८६७ साली स्थापन झालेले मंडळ पुढे पाय बीटा फाय या ग्रीक अक्षरी नावाने प्रसिद्ध झाले. सिराक्यूज येथील एका लॅटिनच्या प्राध्यापकाने १८८२ साली अशा मंडळाला सोरोरिटी हा शब्द सुचवला. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. म्हणून आपण त्याला भगिनीमंडळ म्हणू. या मंडळांवर टीकाही पुष्कळ झाली आहे. निवडक मुलींनाच प्रवेश, पोशाख-मेजवान्यांचा डामडौल, आणि दीर्घकाळ वर्णभेद, हे त्यांचे दोष लपण्यासारखे नाहीत. परंतु दानधर्म हा त्यांच्या कामाचा एक ठरलेला भाग होऊन बसला. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी वेगळ्या असतात: एक म्हणजे निधी गोळा करणे आणि दुसरी म्हणजे हाताने सेवा करणे. आपल्या भाषेत वर्गणी आणि श्रमदान.

आता या धाग्याची मराठी गाठ पाहू. ती बसली एका मराठी विदुषीमुळे, आणि तीही या मंडळांचा विस्तार पुरता होण्याच्या आधीच.

पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियास पोहोचल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. रमाबाई तेव्हा इंग्लंडमध्ये होत्या. १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला होता. सोहळा आटोपून परतायचे, असा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात त्या अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी त्यांना धीर दिला व त्यांच्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. १८८७ साली ते प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू घरातील स्त्रीचे, विशेषतः बालविधवेचे जिणे त्यात होते. पुस्तकाच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून पैसा जमू लागला. परंतु रमाबाईंना हवी होती ती एक शाळा. आणि शाळा टाळ्यांवर चालत नाही.

येथे ती योजना आकाराला आली, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ काढायची. आपण त्यांना रमाबाई मंडळे म्हणू. प्रत्येक सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षे देत राहण्याचे वचन द्यायचे. त्या काळच्या दराने एक डॉलर म्हणजे आपले तीन रुपये, जवळपास. पहिल्या मंडळांमध्ये न्यूयॉर्क प्रांतातील कॉर्नेल विद्यापीठाचे मंडळ होते. सगळीच मंडळे विद्यार्थ्यांची नव्हती, हे खरे. चर्चमधील भगिनी, शिक्षिका, गृहिणी अशा पुष्कळजणी त्यांत होत्या. तथापि महाविद्यालयीन तरुणींच्या जगाशी त्यांचा संबंध सुरुवातीपासून होता. ज्या मुलीला स्वतःला शिकायला मिळणे ही कालपरवाची नवलाई होती, तिला पुण्या-मुंबईच्या मुंडन केलेल्या बालविधवेच्या शिक्षणाचे मोल कोणी समजावून सांगावे लागले नाही.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे या मंडळांची मध्यवर्ती संस्था, रमाबाई असोसिएशन, स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स यांच्यासारखे एपिस्कोपल पंथाचे नामवंत. शिवाय मद्यपानबंदीच्या चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड. कार्यकारी मंडळाचा भार ज्युडिथ अँड्र्यूज या बाईंनी वाहिला. एरवी एकमेकांच्या चर्चमध्ये पाऊल न टाकणारी ही माणसे एका टेबलाशी बसली ती एका अटीवर. अट अशी की, रमाबाईंची शाळा कोणत्याही धर्ममताचा प्रचार करणार नाही. मुलींच्या रूढी, खाणेपिणे, आचार यांत ढवळाढवळ होणार नाही. रमाबाईंनी ती मान्य केली. दरवर्षी अहवाल छापला जाई. बाईमाणसाने समुद्रापलीकडच्या बाईमाणसाला पाठवलेल्या डॉलरचा हिशेब त्यात असे.

शाळेचे नाव शारदा सदन. ती मुंबईत चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी उघडली. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. आनंदीबाई स्वतः मात्र १८८७ च्या फेब्रुवारीतच निवर्तल्या होत्या. सदनात प्रथम दाखल झालेल्या विधवा मुलीचे नाव गोदूबाई. तिची पुढील कहाणी आम्ही लवकरच सांगणार आहोत. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलवण्यात आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर सुधारक सल्लागार मंडळावर होते.

पुढे जे घडले ते या पत्रिकेच्या वाचकांनी थोडे थांबून वाचावे, अशी आमची विनंती आहे. रमाबाई सदनात स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली कुतूहलाने, काही प्रेमाने त्या वेळी येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि घालवलेही नाही. हळूहळू पुण्यात कुजबुज सुरू झाली. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या.

या प्रकरणात एक बाजू संपूर्ण काळी आणि दुसरी संपूर्ण पांढरी रंगवण्याची आपल्याकडे सवय आहे. आम्हांस ती पटत नाही. रानडे आणि भांडारकर हे काही सनातनी नव्हते. त्यांनी पालकांना शब्द दिला होता, आणि शब्दाला डाग लागतो आहे असे दिसताच ते बाजूला झाले. दुसरीकडे रमाबाईंचे म्हणणेही समजण्याजोगे होते. बिनधर्मी शाळा चालवायची म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्त्रीने आपला धर्म कपाटात कुलूप लावून ठेवायचा, असा करार त्यांनी केलेला नव्हता. ज्या अटीमुळे बोस्टनला निरनिराळ्या पंथांची माणसे एकत्र आली, त्याच अटीचा अर्थ पुण्यात दोघांनी दोन प्रकारे लावला. दात्याची अट समुद्र ओलांडून आली, की ती राबवताना असे पेच पडतात. आदिवासी भागात सेवाकार्य करणाऱ्या आपल्या अनेक धर्मभगिनींना आणि धर्मगुरूंना या पेचाचा अनुभव आजही येत असतो, त्यामुळे अधिक स्पष्टीकरणाची जरुरी नाही.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. १८९३ च्या त्या गदारोळात अमेरिकेतील मंडळांनी हात आखडता घेतला नाही. वचन दहा वर्षांचे होते. त्यातली जेमतेम निम्मी सरली होती. मुली कमी झाल्या, वर्तमानपत्रांत बदनामी झाली, तरी वर्षाचा डॉलर येत राहिला. केवळ उमाळ्याने दिलेले दान असते, तर ते पहिल्याच वाईट बातमीबरोबर आटले असते.

रमाबाईंची दूरदृष्टी येथे दिसते. दहा वर्षे कधीतरी संपणार, हे त्या पहिल्या दिवसापासून ओळखून होत्या. म्हणून त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहीर खणायची, फळझाडे लावायची आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायावर उभे करायचे, हा बेत. अमेरिकेतल्या मुलींच्या डॉलरची जागा केडगावची संत्री-लिंबे घेणार होती म्हणा ना.

फळे धरण्याची वाट दुष्काळाने पाहिली नाही. १८९६ साली पाऊस फसला आणि मध्य प्रांतात हाहाकार उडाला. आजचा गोंदिया जिल्हा, आणि अर्थातच सालेकसा, तेव्हा मध्य प्रांतातच मोडत असे. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. १८७०-८० च्या दशकात आईवडील आणि थोरली बहीण यांना उपासमारीत गमावून त्या भावाबरोबर अनवाणी देशभर हिंडल्या होत्या. बातमी कळताच त्या मध्य प्रांतात गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास निराधार मुलींना गाठून फसवणारी माणसे घुटमळत असत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या. फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन या मुलींच्या निवाऱ्याला उपयोगी पडली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. हे काम मात्र उघडपणे ख्रिस्ती होते. शारदा सदनाच्या अटी त्याला लागू नव्हत्या. १८९८ साली दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी स्थापन झाली. केडगावचे मुक्ती मिशन आजही काम करीत आहे.

आता गोदूबाई. शारदा सदनात शिकलेल्या या तरुण विधवेशी फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुनर्विवाह केला. ही तिसरी ११ मार्च! लग्नानंतर त्या आनंदीबाई, आणि सर्वांच्या बाया, झाल्या. कर्व्यांच्या मूळ गावी, मुरूडला, दोघांवर बहिष्कार पडला. तीनच वर्षांनी, १८९६ साली, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास, एका साध्या झोपडीत गेला. कर्वे रोज पुण्यात शिकवून चालत हिंगण्यास जात. १८९३ च्या वादातून त्यांनी आपला धडा घेतला होता. आश्रमाचे वळण हिंदू घरासारखे ठेवले, म्हणून ज्या पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या त्यांच्या जातभाईंनी येथे मुली पाठवल्या. पण आश्रमाच्या घरात वावरणारी स्त्री कॉर्नेल-बोस्टनच्या डॉलरवर शिकलेली होती. दान कोठून निघते आणि कोठे जाऊन उगवते, याचा हिशेब कोणत्याही वार्षिक अहवालात सापडत नाही.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा. त्या हिंगण्यास आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. १९१८ साली, चाळिशी उलटून गेल्यावर, तुटपुंजे इंग्रजी गाठीला बांधून त्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी भांडीकुंडी, झाडलोट करून पोट भरले, इंग्रजी शिकल्या आणि व्याख्याने देऊन आश्रमासाठी निधी मिळवला. रमाबाईंना तेथे विदुषी म्हणून मान होता, बॉडलीबाईंचा आधार होता. पार्वतीबाईंपाशी तसे काही नव्हते. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे विनातक्रार सांगितले आहे. निधिसंकलनाच्या मराठी इतिहासात या बाईंना मिळावयास हवे ते स्थान अद्याप मिळालेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिंगण्याच्या संस्थेने पुढे एक अस्सल मराठी युक्ती काढली, ती म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीत भाऊ बहिणीच्या ताटात ओवाळणी घालतो; तीच ओवाळणी, थोडी का होईना, ज्यांना भाऊ नाही किंवा असून नसल्यासारखा आहे अशा बहिणींसाठी द्यावी. संस्थेचे कार्यकर्ते आणि कार्यकर्त्या पावतीपुस्तके घेऊन घरोघर जाऊ लागल्या. रक्कम लहान, पण दर दिवाळीस ठरलेली. दारात कार्यकर्ती दिसली, की घरच्या बाईला कारण विचारावे लागत नाही. ती आत जाऊन डबा उघडते. अमेरिकेतला एक डॉलर दहा वर्षांच्या लेखी वचनाने बांधला होता; भाऊबीजेचा रुपया पंचांगाने बांधला आहे. आम्हांस यातले दुसरे बंधन अधिक चिवट वाटते. आपल्या धर्मग्रामांत प्रायश्चित्तकाळात मुले घरी पेटी ठेवून चॉकलेट-बिस्किटांचे पैसे साठवतात, त्याची जात हीच.

तिकडे अमेरिकेतील भगिनीमंडळे एव्हाना बरीच मोठी झाली होती. त्यांची दोनच कामे सांगतो. पाय बीटा फाय मंडळाने १९१० साली ठरवले की देशातल्या एका मागासलेल्या डोंगरी भागात शाळा काढायची. टेनेसी प्रांतातील गॅटलिनबर्ग हे खेडे निवडले. त्या वेळी तेथपर्यंत धड रस्ता नव्हता. १९१२ साली डझनभर मुलांनिशी शाळा सुरू झाली. डोंगरी माणसे आधी साशंक होती. या शहरी बाया आपल्याला काय शिकवणार, आणि कशासाठी? मंडळाच्या शाखा दरवर्षी पैसे पाठवीत राहिल्या. शाळेबरोबर दवाखाना आला, आणि पुढे गावच्या स्त्रियांच्या हातमागाच्या कापडाला गिऱ्हाईक मिळवून देणारे दुकान आले. तीस वर्षांनी शाळा तेथील स्थानिक शासनाने आपल्याकडे घेतली. तोवर, म्हणजे शिकणाऱ्या मुलींची एक संपूर्ण पिढी आई होऊन तिच्या लेकी महाविद्यालयात जाईपर्यंत, त्या मंडळाने ते गाव सोडले नव्हते.

दुसरे काम अल्फा कॅपा अल्फाचे. हे कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचे पहिले भगिनीमंडळ, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली निघालेले. गोऱ्या मंडळांत त्यांना प्रवेशच नव्हता. १९३५ च्या उन्हाळ्यात या मंडळाने डॉ. डॉरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली मिसिसिपी प्रांतात आरोग्यसेवा सुरू केली. वर्णभेदामुळे आगगाडीचा सन्मानाचा प्रवास मिळेना, म्हणून त्या आपल्याच मोटारी हाकीत शेकडो मैल गेल्या. कापसाच्या मळ्यांचे मालक मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात. तेव्हा या स्त्रियांनी दवाखानाच मोटारींत घातला आणि मळ्यावर नेला. मुलांना लशी टोचल्या, आयांना आहाराविषयी सांगितले. पुढील उन्हाळ्यांतही त्या जात राहिल्या. १९४२ नंतर महायुद्धामुळे पेट्रोल आणि टायर मिळेनासे झाले तेव्हा हे काम थांबले.

आपल्या देशात महाविद्यालयीन सेवेला सरकारी चौकट मिळाली ती गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा शिक्षणमंत्री होते डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला, आणि १९७३ साली या योजनेच्या शिबिरांचा विषयच ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ असा ठेवण्यात आला. योजनेचे नियम ठाऊक असावेत: स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे आणि एक विशेष शिबिर करावयाचे. हे शिबिर पूर्वी दहा दिवसांचे असे, आता सात दिवसांचे आहे.

या योजनेने लक्षावधी मुलामुलींना खेडे दाखवले. घराबाहेर एक रात्रही न राहिलेली कितीतरी मुलगी शिबिरासाठी म्हणून पहिल्यांदा बाहेर पडली. आईवडिलांनी पाठवले ते योजनेवर शिक्का सरकारचा आणि सोबत प्राध्यापक बाई आहेत म्हणून. हा लाभ लहान नव्हे. परंतु तो शिबिरार्थी मुलीचा लाभ झाला. गावाच्या वाट्याला काय आले, हे पाहू गेल्यास चित्र पुष्कळदा फिके दिसते: रंगवलेली भिंत, शोषखड्डा, चार रोपे. पुढल्या वर्षी रोपांना पाणी घालणारे कोण, हे कोणी ठरवलेले नसते. स्वयंसेविका दोन वर्षांनी पदवी घेऊन जाते. कार्यक्रम अधिकारी बदलतात. दत्तक गावही कधीकधी बदलते. दत्तक या शब्दाचा अर्थ आपल्या कायद्यात आणि रूढीत काय आहे, तो येथे आठवू नये हे बरे.

दोष मुलींचा नाही. सात दिवसांत जे होऊ शकते तेवढे त्या करतात. कॉर्नेलच्या मुलीने तर शारदा सदन डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, टोपलीभर मातीही उचलली नव्हती. तरीही तिचे काम टिकले. सोय केली होती ती वचनाच्या मुदतीने. मुलगी शिकून बाहेर पडली तरी तिचा डॉलर मंडळाच्या वहीत मागे राहत असे, आणि ती वही बोस्टनला कोणीतरी वाचत असे.

सालेकसा तालुक्याचे वर्ष कसे चालते, ते पाहा. पावसाळ्यात रोवणी. दिवाळीच्या पुढेमागे धान कापणीला येते. कापणी-मळणी आटोपली, की हिवाळ्यात गाव थोडे मोकळे होते आणि नेमके तेव्हाच शिबिर येते. होळीच्या पुढे मोहाची फुले वेचायची. पहाटेच रानात जायचे, आणि त्यात लहान मुलीही असतात. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम. सारे घर पाने तोडायला, आणि मग पुडे बांधायला. या हंगामाच्या पैशावर पुष्कळ घरांची जूनमधली वह्या-पुस्तके आणि वसतिगृहात जाणाऱ्या मुलीची पेटी अवलंबून असते. दहावीनंतर मुलगी पुढे जाणार की घरी राहणार, हे बहुधा याच दोन महिन्यांत ठरते. वर्गणीचा एखादा लहानसा, पण दरवर्षी ठरल्या तारखेला येणारा हप्ता उपयोगी पडायचा तर तो या वेळी. आणि एखादी शिकलेली ताई घरी येऊन आईशी बोलायची असेल, तर तीही याच वेळी. महाविद्यालयांना मे महिन्यात सुट्टी असते.